यंत्राचें अक्षहृदय

जुगार वाईट आहे, हें सांगण्यासाठीं आज कोणीं लेखणी उचलण्याचें कारण नाहीं. ज्या समाजांत पांडवांच्या द्यूताची कथा मुलें आजीच्या मांडीवर बसून ऐकतात, त्या समाजाला तें ठाऊकच आहे. आणि ठाऊक असूनहि ज्याला खेळावयाचें असतें, तो उपदेशानें थांबत नाहीं. म्हणून हा लेख त्या उघड जुगाऱ्यासाठीं नव्हे. त्याच्याहून पुष्कळ सभ्य, सुशिक्षित व हिशेबी अशा एका गृहस्थासाठीं तो आहे. जुगाराचें नांव निघतांच हा गृहस्थ नाक मुरडतो, परंतु गोव्याच्या सहलींत मांडवीवरच्या कॅसिनोंत शिरतांना, किंवा अमेरिकेंत मुलाकडे गेला असतां लास व्हेगासला एक रात्र काढतांना, तो म्हणतो, "आम्ही कांहीं डोळे मिटून पैसे टाकणारे नव्हे. कोणतें स्लॉट मशीन अधिक परतावा देतें, याचा अभ्यास करून मगच आम्ही बसतों." आमचा वाद आहे तो या 'अभ्यासा'शीं.

या अभ्यासाचीं सूत्रें ठरलेलीं आहेत. रांगेच्या टोकाचें यंत्र उदार असतें, कारण जिंकणारा माणूस येणाऱ्याजाणाऱ्यांच्या दृष्टीस पडावा अशी मालकाची इच्छा असते. उपाहारगृहाच्या वाटेवरचें यंत्रहि त्याच कारणानें चांगलें. बराच वेळ ज्यानें कांहीं दिलें नाहीं, तें आतां द्यावयास आलें आहे. आणि नुकतेंच मोठें बक्षीस ज्यानें टाकलें, तें रिकामें झालें असल्यामुळें त्याच्याकडे फिरकूं नये. दुसरा कोणी तितक्याच ठामपणें याच्या नेमकें उलट सांगतो: दाराजवळचीं यंत्रें कृपण, कारण तेथें लोक जातां जातां पैसे टाकतातच, आणि जें यंत्र देऊं लागलें आहे तें 'तापलेलें' असल्यामुळें सोडूं नये. परस्परविरुद्ध नियम एकाच श्रद्धेनें मानले जातात, तेथें शास्त्र संपून शकुन सुरू झाला असें समजावें. पाल कोणत्या खांद्यावर पडली हें पाहणाऱ्यास आपला हा गृहस्थ हंसतो. परंतु पाल आणि रांगेचें टोक यांत तत्त्वतः भेद कोणता, हें त्याला सांगतां यावयाचें नाहीं.

शकुन म्हणण्याचें कारण यंत्राच्या रचनेंतच आहे. चार्ल्स फे या बव्हेरियांत जन्मलेल्या कारागिरानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत सॅन फ्रान्सिस्को येथें 'लिबर्टी बेल' नांवाचें तीन चक्रांचें यंत्र बनविलें. नाणें टाकावें, दांडा ओढावा, आणि तिन्ही चक्रांवर घंटेचें चित्र एका ओळींत येऊन थांबलें म्हणजे सर्वांत मोठें बक्षीस पडावें, असा तो खेळ. त्या यंत्रापुढें बसून एखाद्या चिकाटीच्या माणसानें चक्रांवरील चित्रें मोजलीं असतीं, तर जिंकण्याचा संभव किती याचा अंदाज त्याला करतां आला असता. कारण यंत्राच्या पोटांत जें होतें, तेंच डोळ्यांपुढें फिरत होतें.

हा प्रामाणिकपणा पुढें टिकला नाहीं. इंगे टेल्नेस या संशोधकास १९८४ सालीं अमेरिकेंत एक पेटंट मिळालें आणि चक्राचा व निकालाचा संबंध तुटला. चक्र कोठें थांबावयाचें हें आतां आंतील संगणक यदृच्छेनें निवडलेल्या आंकड्यावरून आधींच ठरवितो. चक्र केवळ तो निकाल पोंचविणारा जासूद. दिसणाऱ्या चक्रावर समजा २२ जागा आहेत आणि त्यांपैकीं एकीवर मोठ्या बक्षिसाचें चित्र आहे. पाहणारा गुणाकार करतो: तीन चक्रें, म्हणजे १०,६४८ वेळां एकदां. परंतु संगणकाच्या पोटांतील अदृश्य चक्रावर ६४ जागा असून त्यांतील एकच त्या चित्राला नेमून दिलेली असेल, तर खरा संभव २,६२,१४४ वेळां एकदां इतकाच उरतो. डोळ्यांनीं केलेला हिशेब चोवीस पटींहून अधिक चुकला! शिवाय त्या चित्राच्या लगतच्या रिकाम्या जागांना अदृश्य चक्रावरच्या पुष्कळ जागा वांटून दिल्या, म्हणजे चित्र ओळीच्या किंचित् वर किंवा किंचित् खालीं वरचेवर येऊन थांबतें, आणि खेळणारा उद्गारतो, "थोडक्यांत हुकलें!" वस्तुतः थोडक्यांत कांहींच हुकलेलें नसतें. प्रत्येक फेरी मागील फेरीपासून सर्वस्वी अलग असते. यंत्राला स्मरण नाहीं, म्हणून त्याचें देणें थकत नाहीं. आणि तें 'रिकामें' होत नाहीं, म्हणून त्यास विसांवाहि नको असतो.

नलाची कथा येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. द्यूतांत राज्य गमावलेल्या नलाला ऋतुपर्ण राजानें अक्षहृदय, म्हणजे फांशांचें गुह्य, शिकविलें. बेहड्याच्या झाडाचीं पानें व फळें पाहतांक्षणीं मोजून दाखविणारा तो गणिती राजा. ती विद्या घेऊन नल परतला आणि त्यानें पुष्करापासून आपलें राज्य जिंकून घेतलें. आमच्या अभ्यासू गृहस्थास नेमकें हेंच हवें आहे: यंत्राचें अक्षहृदय. परंतु नलाच्या समोर पुष्कर बसला होता. दोघांच्या हातीं तेच फांसे होते आणि दोघांनाहि हरण्याचा सारखाच धोका होता. येथें समोर कोणी बसलेलेंच नाहीं. ज्याच्याशीं आपण खेळतों त्यानें खेळ सुरू होण्यापूर्वींच आपला वांटा ठरवून ठेवला आहे, आणि तो किती हें यंत्राच्या मुद्रेवर उमटत नाहीं. एकाच नांवाचीं, एकाच रंगाचीं, एकच गाणें वाजविणारीं दोन यंत्रें निरनिराळ्या परताव्यावर लावून शेजारीं शेजारीं ठेवतां येतात.

हा केवळ तर्क नव्हे. लास व्हेगास येथील नेवाडा विद्यापीठाचे प्राध्यापक अँथनी ल्यूकस व त्यांचे सहकारी यांनीं गेल्या दीड दशकांत हा प्रश्न अनेक वेळां तपासून पाहिला आहे. दिसावयास सारखीं, परंतु मालकाचा वांटा कमीअधिक ठेवलेलीं यंत्रें प्रत्यक्ष कॅसिनोंत मांडून महिनोन्महिने त्यांच्या मिळकतीचे आंकडे त्यांनीं तपासले. तेथें नित्य येणारे लोक हळूहळू उदार यंत्राकडे वळले असते, तर 'अभ्यासा'स कांहीं आधार मिळाला असता. तसें वळल्याचें आढळलें नाहीं. उलट, अधिक ओरपणारीं यंत्रेंच सामान्यतः मालकास अधिक मिळवून देत राहिलीं. ज्यांचा रोजचा मुक्काम तेथें, त्यांना जें ओळखतां आलें नाहीं, तें सहलीस आलेल्या आमच्या गृहस्थास एका संध्याकाळींत कसें ओळखूं यावें? यंत्राचें हृदय खरोखर जाणणारा एक जण मात्र होऊन गेला. नेवाडाच्या जुगार-नियंत्रण मंडळांत यंत्रें तपासण्याच्या कामावर असलेला तो संगणकतज्ज्ञ यंत्रांच्या आज्ञावलींतच फेरफार करून पैसे काढीत असे. १९९५ सालीं तो पकडला गेला आणि पुढें तुरुंगांत गेला. यंत्राच्या अक्षहृदयाची वाट राज्याकडे नव्हे, कारागृहाकडे जाते.

प्रतिपक्षास न्याय द्यावयाचा तर एवढें मान्य केलें पाहिजे कीं, परताव्याविषयीं कांहीं खरें ज्ञान उपलब्ध आहे. नेवाडाच्या कायद्याप्रमाणें यंत्राचा परतावा शेंकडा ७५ हून व न्यू जर्सीच्या कायद्याप्रमाणें शेंकडा ८३ हून कमी ठेवतां येत नाहीं. नेवाडांत दरमहा प्रसिद्ध होणाऱ्या आंकड्यांवरून असेंहि दिसतें कीं, एका सेंटाचीं यंत्रें डॉलरच्या यंत्रांपेक्षां सामान्यतः अधिक वांटा गिळतात. परंतु हे आंकडे विभागवार व नाण्यांच्या वर्गवार असतात. एकेका यंत्राचे नसतात. आणि त्यांवरून जो शहाणा सेंटाचें यंत्र सोडून डॉलरच्या यंत्राकडे जातो, त्याचें काय होतें? ४० सेंटांच्या डावावर शेंकडा १० प्रमाणें त्याचे ४ सेंट जात होते. ३ डॉलरच्या डावावर शेंकडा ६ प्रमाणें १८ सेंट जाऊं लागतात. टक्का सुधारला आणि खिसा फाटला! पत्त्यांच्या व्हिडिओ पोकर यंत्रांची गोष्ट थोडी निराळी. तेथें बक्षिसांचा तक्ता समोर लिहिलेला असतो आणि बावन्न पानांचें गणित मांडतां येतें. 'जॅक्स ऑर बेटर' या खेळाच्या उत्तम तक्त्यावर, प्रत्येक डाव निर्दोष खेळल्यास, परतावा शेंकडा साडेनव्व्याण्णवांच्या आसपास जातो. म्हणजे जेथें अभ्यास खरोखर चालतो, तेथेंहि या खेळांत त्या अभ्यासाची पराकाष्ठा शंभराच्या अलीकडेच थांबते.

आतां घटकाभर असें धरूं कीं, गृहस्थास चांगलें यंत्र सांपडलें. शेजारचें यंत्र शेंकडा ९२ परत देतें आणि त्याचें ९६. दर डावास ५० रुपये आणि मिनिटास दहा डाव, म्हणजे तासाला ६०० डाव व ३०,००० रुपयांची उलाढाल. शेजारचा सरासरीनें तासाला २,४०० रुपये घालवील, हा १,२०० घालवील. फायदा झाला खरा. पण हा फायदा म्हणजे बुडण्याचा वेग निम्मा होणें. आणि यंत्र चांगलें आहे या समाधानांत तो एका तासाऐवजीं दोन तास बसला, कीं दोघांचें नुकसान सारखें. तो अधिक वेळ बसतोच. कारण जेथून शेजारी वैतागून उठतो, तेथें याला आपल्या शहाणपणाचा आधार वाटत असतो. नताशा डाऊ शूल या मानवशास्त्रज्ञ विदुषीनें लास व्हेगासच्या यंत्रांवर २०१२ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत असें दाखविलें आहे कीं, यंत्राच्या पूर्ण आहारीं गेलेला मनुष्य शेवटीं जिंकण्यासाठीं खेळतच नाहीं. खेळत राहतां यावें एवढ्यासाठीं खेळतो. त्या अवस्थेपर्यंत पोंचविणाऱ्या वाटा अनेक आहेत. त्यांतली सर्वांत सभ्य वाट अभ्यासाची आहे.

कोणी म्हणेल, "नाटकाला जातां तेव्हां तिकिटाचे पैसे परत मिळतात काय? करमणुकीची किंमत द्यावीच लागते." युक्तिवाद ठीक आहे, पण नाटकगृहाच्या खिडकीवर किंमत लिहिलेली असते. करमणूक म्हणून विकावयाचें तर यंत्राच्या कपाळावरहि किंमत लिहावी: दर शंभर रुपयांमागें आम्ही इतके ठेवून घेतों. ब्रिटनमध्यें परताव्याचें प्रमाण यंत्रावर दर्शविणें बंधनकारक आहे. आपल्याकडे तेंच ठळक अक्षरांत, मराठींत व कोंकणींत लिहावें, अशी आमची मागणी आहे. तसें झालें कीं चांगलें यंत्र हुडकण्याची ही सारी विद्या एका दिवसांत बेकार होईल. मालकांस ती विद्या कां खुपत नाहीं, हेंहि यावरून उघड व्हावें. जो ग्राहक 'सगळींच यंत्रें घेणारीं' असें म्हणतो, तो दारांतून परततो. जो 'त्यांत एखादें देणारेंहि आहे' असें मानतो, तो आंत येतो. देणाऱ्या यंत्राची दंतकथा ही कॅसिनोची फुकटची जाहिरात आहे, आणि ती आपण आपल्या तोंडानें करतों.

राज्यकर्त्यांना यांतलें सत्य कळत नाहीं असें नाहीं. गोव्यानें १९९२ सालीं पंचतारांकित हॉटेलांतून या यंत्रांस मुभा दिली आणि १९९६ सालीं नौकांवरील जुगारास दार उघडलें. परंतु त्याच गोव्यानें १ फेब्रुवारी २०२० पासून आपल्या रहिवाशांस कॅसिनोंत खेळावयास बंदी केली. पाहुण्यापुढें वाढलेलें पक्वान्न यजमान स्वतःच्या मुलांस शिवूं देत नसेल, तर पाहुण्यानें पानावरून उठण्याइतका बोध घ्यावयास हरकत नाहीं. महाराष्ट्रानें १९७६ सालीं केलेला कॅसिनोंचा कायदा कधींच अंमलांत आणला नाहीं आणि २०२३ सालीं तो रद्दच केला. तरीहि मांडवीच्या धक्क्यावर मराठी बोल पुरेसे ऐकूं येतात, याचा अर्थ कायदा थांबला तेथें आमचा 'अभ्यास' पुढें गेला.

या शब्दाचें आम्हांस खरें दुःख आहे. आमचा मध्यमवर्ग जमिनीच्या वा पेढीच्या बळावर वर आला नाहीं. तो शिष्यवृत्त्या, परीक्षा आणि रात्रीचें जागरण यांच्या बळावर वर आला. अभ्यास केला म्हणजे जगांतील कोणतेंहि कुलूप उघडतें, ही त्याची श्रद्धा आहे, आणि ती त्याला पुष्कळदां फळलीहि आहे. म्हणूनच ज्या पेटीला कुलूपच नाहीं, केवळ एक फट आहे, तिच्यापुढें हा वर्ग सर्वांत अधिक असहाय ठरतो. लोभी मनुष्य हरला म्हणजे निदान आपल्या लोभास दोष देतो. अभ्यासू मनुष्य हरला म्हणजे अभ्यास कमी पडला असें म्हणून पुन्हां बसतो. घरांतील मुलें हें पाहत असतात. पैसे गेले, तर बाप ते पुन्हां मिळवील. पण अभ्यास म्हणजे दैवाला चकविण्याची युक्ति, हा अर्थ एकदां मुलांच्या मनांत बसला, तर तो तेथून काढणें कोणत्याहि शाळेस सोपें जाणार नाहीं.

गणितानें या बाबतींत सांगावयाचें तें एका ओळींत सांगून टाकलें आहे: ज्या खेळांत प्रत्येक डावाचा सरासरी भाव उणे आहे, त्यांत डावांची निवड करून बेरीज अधिक होत नाहीं. ऋतुपर्णाचा खरा शिष्य ही ओळ वाचील, आणि यंत्रें न मोजतां बाहेर पडेल.