चहा घेतला का?

सकाळच्या गाडीने पाचोऱ्याहून जळगावला निघालेली एक मुलगी परवा स्टेशनवर भेटली. एका दवाखान्यात भूल सहायकाच्या जागेसाठी मुलाखत होती. मांडीवर फाईल, फाईलीत औषधांची नावं आणि डोस. ‘सर, आता शेवटचं काय वाचू?’ म्हणाली. म्हटलं, वाचणं पुरे. गाडी सुटली की डोळे मिट आणि भुलीचं यंत्र तपासायला घे.

या नोकरीची मुलाखत खरं तर इथंच असते. काळ्या अंगाचा, पांढऱ्या खांद्यांचा सिलिंडर ऑक्सिजनचा, निळा नायट्रसचा. भिंतीतून पुरवठा येत असला तरी राखीव सिलिंडर उघडून दाब बघायचा. सर्किट गळतंय का, कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडालाइमचा रंग बदललाय का, सक्शन ओढतंय का, लॅरिंगोस्कोपचा दिवा लागतो का, हे क्रमाने. श्वासनलिकेत घालायची नळी हवी त्या मापाची, शिवाय एक लहान आणि एक मोठी. प्रत्येकीचा फुगा फुगवून पाहिलेला. आणि अंबू बॅग हाताशी, कारण वीज गेली, यंत्र रुसलं, तरी पेशंटच्या श्वासाला थांबता येत नाही. हा क्रम न अडखळता सांगणाऱ्याला व्याख्या कमी आल्या तरी चालतं.

तालुक्याच्या गावात हे जास्तच लागू पडतं. इथं भूलतज्ज्ञ बहुधा एकाच दवाखान्याचे नसतात. सिझेरियनचा फोन आला की एका ऑपरेशन थिएटरमधून (ओटीतून) दुसऱ्या ओटीत धावतात. ते पोचतील तेव्हा टेबलाच्या डोक्याकडची बाजू तयार हवी, आणि ती तयार ठेवणारा माणूस म्हणजे हा सहायक.

दुसरी तयारी बोलण्याची. ऑपरेशनच्या आधी हलकं खाणं सहा तास आणि पाणी दोन तास बंद, हा नियम सगळेच पाठ करतात. पण ‘सकायपासून काही खादं का?’ असं विचारलं की आजोबा खुशाल ‘नाही’ म्हणतात आणि ते खोटंही बोलत नसतात. आपल्याकडे चहा हे खाणं थोडंच आहे! दुधाचा चहा मात्र खाण्यातच धरायचा असतो. बेशुद्धीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. म्हणून ‘चहा घेतला का?’ हे वेगळं विचारावं लागतं. हे कुठल्या नोट्समध्ये मिळणार नाही. मुलाखतीत सांगितलंत तर समोरचा डॉक्टर मान वर करून बघेल.

तिसरी गोष्ट, आपली हद्द. ‘डॉक्टर बाहेर गेलेत, पेशंट हलतोय, औषध देशील का?’ असा प्रश्न आला तर बहाद्दरी दाखवू नका. ‘आधी डॉक्टरांना हाक मारीन, तोवर श्वास आणि मॉनिटर सोडणार नाही,’ हेच बरोबर उत्तर.

आता दवाखानेवाल्यांना दोन शब्द. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी हा पदवी अभ्यासक्रम म्हणजे तीन वर्षांचं शिक्षण आणि एक वर्षाची इंटर्नशिप. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं भूल सहायकाला संलग्न आरोग्य व्यावसायिकांत बसवलं. तरी अनेक ठिकाणी मुलाखत ‘पगार किती घेशील?’ इथून सुरू होते आणि तिथंच संपते. मग बघून-बघून शिकलेला ओटी बॉय स्वस्त पडतो, म्हणून तोच डोक्याशी उभा राहतो. त्या पोराचा दोष नाही. त्याला धड शिकवायचा खर्च कुणी केला नाही, इतकंच.

तेव्हा डॉक्टरसाहेब, पुढचा उमेदवार आला की पगाराआधी त्याला यंत्रापाशी न्या आणि म्हणा, ‘तपासून दाखव.’ दहा मिनिटं लागतील. उद्या त्याच टेबलावर तुमच्या-माझ्या घरचं माणूस असू शकतं.