स्वादुपिंडदाह : घाबरावे कोणत्या आकड्याला?

पोटाच्या वरच्या भागात एकाएकी उठलेली, थेट पाठीपर्यंत जाणारी कळ. त्यासोबत थांबता न थांबणाऱ्या उलट्या. आणि रुग्णालयात पोहोचल्यावर काही तासांत हाती पडलेला अहवाल : ‘लायपेज २,४००’. शेजारी छापलेली सामान्य मर्यादा पाहून घरच्यांच्या काळजाचे पाणी होते. दोन दिवसांनी तोच आकडा सहाशेवर आला की सर्वांचा जीव भांड्यात पडतो. वाचकहो, ही भीती आणि हा दिलासा दोन्ही अस्थानी आहेत.

अमायलेज व लायपेज ही पाचकद्रव्ये सामान्य मर्यादेच्या तिपटीहून अधिक वाढली, तर स्वादुपिंडाला तीव्र सूज आली आहे या निदानास बळकटी मिळते. तेवढ्याने त्यांचे काम संपते. आजार सौम्य की गंभीर, हे त्यांवरून ठरत नाही. २,४०० लायपेज असलेला रुग्ण आठवड्याच्या आत घरी जाऊ शकतो आणि ६०० असलेल्याला अतिदक्षता विभाग गाठावा लागू शकतो. म्हणून या तपासण्या रोज करवून घेण्याचा आग्रह धरू नये. तो खर्च वाया जातो.

मग पाहावे काय? या आजारात रक्तवाहिन्यांमधील द्रव पाझरून ऊतींमध्ये उतरतो. उरलेले रक्त दाट होते, म्हणून हिमॅटोक्रिट (अहवालात ‘पीसीव्ही’) वाढते. ते ४४ टक्क्यांच्या वर असणे हा सावधगिरीचा इशारा. मूत्रपिंडांकडे जाणारा रक्तप्रवाह घटतो, म्हणून बीयूएन चढते. दाखल होताना ते २० च्या वर असणे, आणि त्याहूनही सलाईन चालू असताना चोवीस तासांत आणखी वाढणे, ही चिंतेची बाब. आपल्याकडील अनेक प्रयोगशाळा बीयूएनऐवजी ‘युरिया’ छापतात. बीयूएन २० म्हणजे युरिया सुमारे ४३. तेव्हा दोहोंची सरमिसळ करून उगाच धास्तावू नका.

सीआरपी यकृतात तयार होते आणि चढायला वेळ घेते. पहिल्या दिवशीचा कमी आकडा त्यामुळे फसवा ठरतो. ४८ तासांनंतर ती लिटरमागे १५० मिलिग्रॅमच्या वर गेली, तरच तिला वजन द्यावे. कॅल्शियम घसरणे हेही चांगले लक्षण नव्हे, डॉ. जॉन रॅन्सन यांनी १९७४ साली मांडलेल्या निकषांतही त्याला स्थान होते.

वयोवृद्धांच्या बाबतीत मात्र छापील मर्यादांवर विसंबून भागत नाही. मधुमेह वा रक्तदाबामुळे ज्यांची मूत्रपिंडे आधीच थकली आहेत, त्यांचे क्रिअ‍ॅटिनीन एरवीही १.८ असू शकते. ज्या आजींचे हिमॅटोक्रिट नेहमी ३२ असते, त्यांचे ४० होणे म्हणजे रक्त बरेच दाटल्याची खूण. अहवालात मात्र ते ‘नॉर्मल’ म्हणूनच छापले जाईल. ही तुलना जुन्या अहवालांवाचून अशक्य आहे. रुग्णालयात निघताना औषधांच्या पिशवीबरोबर अहवालांची फाईलही उचला. फाईल सापडत नसेल, तर निदान गेल्या वर्षभरातील अहवालांची छायाचित्रे मोबाईलमध्ये असू द्या.

साठीपुढील वय आणि नव्याने आलेली असंबद्धता या दोन्ही गोष्टी डॉक्टर गंभीरतेच्या गणनेत धरतात. आजोबा कालपर्यंत नीट बोलत होते आणि आज माणसे ओळखत नाहीत, ही माहिती कोणतीही प्रयोगशाळा देत नाही. ती शुश्रूषा करणाऱ्याकडूनच कळते. श्वास जलद होणे, लघवी कमी होणे हेही लगेच सांगावे. साठ किलो वजनाच्या व्यक्तीला तासाला सुमारे ३० मिलिलिटर तरी लघवी व्हायला हवी.

बहुतेक रुग्णांचा आजार सौम्यच असतो. फुप्फुसे, मूत्रपिंडे वा रक्ताभिसरण यांतील बिघाड ४८ तासांहून अधिक टिकला, तर तो गंभीर मानला जातो. ‘दोन दिवस गेल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही’ असे डॉक्टर म्हणाले, तर ते टोलवाटोलवी करीत नसतात. आजाराची व्याख्याच तशी आहे. त्या दोन दिवसांत सायंकाळच्या फेरीला लायपेज विचारण्याऐवजी एवढेच विचारा : युरिया कालच्यापेक्षा वाढला की उतरला?