नीट हुकलेल्यांसाठीही दार उघडा

अंबरनाथला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय मिळाले, याचा आनंद मलाही झाला. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या ज्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांतले एक आपले. डॉक्टर होण्यासाठी जागा १००. पण मी इथे जीवशास्त्राच्या शिकवण्या घेतो आणि माझ्याकडची बहुतेक मुले त्या शंभरात नसतात. नीटमध्ये गुण कमी पडले की ती बी.एस्सी.ला नाव घालतात. घरात एकच वाक्य ऐकू येते : "डॉक्टरकी हुकली, आता काय?"

जणू माणसाच्या आजाराचा अभ्यास हा फक्त डॉक्टरचा मक्ता आहे! हा समज पसरला, याचे एक कारण असे की या मुलांना वैद्यकीय विज्ञान आपण चुकीच्या जागी शिकवतो. ते जिथे संशोधन चालते त्या विभागातच शिकवले पाहिजे.

एक साधे उदाहरण घेऊ. जंतूवर कोणते अँटिबायोटिक चालते हे पाहायला प्लेटवर जंतू पसरतात, औषधाच्या चकत्या ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचे स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला उत्तर आधीच ठाऊक असते. वर्तुळ लहान आले तर मुले शेजाऱ्याच्या जर्नलमधला आकडा उतरवतात आणि सही मिळते. रुग्णालयाशी जोडलेल्या प्रयोगशाळेत मात्र ज्याचे वर्तुळ किती यावे हे ठरलेले आहे, असा ओळखीचा जंतू आधी तपासतात. तोच ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर रुग्णांचे निकाल थांबवावे लागतात. चकत्या जुन्या झाल्या होत्या का, प्लेट जाड होती का, याचा शोध घ्यावा लागतो. न जुळलेला आकडा लपवायचा नसतो, त्याच्या मागे जायचे असते. हे फळ्यावर लिहून शिकवता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला आहे.

ज्यांना ही नुसती कल्पना वाटते, त्यांनी कमल रणदिवे यांचे आयुष्य पाहावे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या या मुलीने डॉक्टर व्हावे, अशी वडिलांची इच्छा होती. ती वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्राकडे गेली. पुढे मुंबईत पॅथॉलॉजिस्ट वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगावर काम करून १९४९ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. नंतर अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या पेशी शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र शिकल्या आणि परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. एमबीबीएस नसलेल्या या बाईंचे शिक्षण संशोधन चालू असलेल्या ठिकाणी झाले, हे विसरू नका.

बाल्टिमोरच्या त्याच प्रयोगशाळेची दुसरी गोष्टही मुलांना सांगायला हवी. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता तिथे वापरल्या गेल्या. त्या पेशी आजही जगभर वापरात आहेत. नमुन्याच्या बाटलीमागे एक माणूस असतो आणि त्याची परवानगी घ्यावी लागते, हे खऱ्या नमुन्याजवळ उभे राहिल्यावर जितके उमगते तितके पुस्तकातून उमगत नाही.

मग पोरांनी परळला जावे, असे कुणी म्हणेल. हाफकिन तिथे १८९९ पासून आहे, टाटा रुग्णालय आहे, संशोधनाची परंपरा आहे. बरोबर. पण बदलापूरहून परळ म्हणजे लोकलमध्ये लटकत दीड तास, आणि तेवढाच परत. आमच्या मोहल्ल्यातल्या अनेक मुलींना बी.एस्सी.पर्यंत पाठवायला आता कुणी नाही म्हणत नाही, हा मोठाच बदल आहे. पण रात्री नऊला परतणे म्हटले की अम्मी गप्प होते आणि अब्बू विषय बदलतात. मोहल्ल्याबाहेरच्या घरांतही यापेक्षा फार वेगळे घडत नाही. अंबरनाथ हे बदलापूर आणि उल्हासनगर दोन्हींच्या हाताशी आहे. इथे दार उघडले तर हा प्रश्न अर्धा सुटतो.

आक्षेप मला माहीत आहेत. नवे कॉलेज, आधीच कामाचा ताण, त्यात बाहेरची मुले कोण सांभाळणार? आक्षेप खरा आहे. म्हणून मी शेकडो जागा मागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन-जॉब ट्रेनिंग करावेच लागते. त्यासाठी मुले आज एमआयडीसीत वणवण फिरतात आणि पुष्कळदा फाइली लावून प्रमाणपत्र घेऊन येतात. त्याऐवजी मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री आणि पॅथॉलॉजी विभागांनी दर सत्राला प्रत्येकी चार-पाच विद्यार्थी घ्यावेत. शिकवणाऱ्याच्या कामाच्या तासांत ते धरावे, नाहीतर ती वेठबिगारी होईल. निवड करताना नीटचे गुण विचारू नयेत.

विषय शोधायला दूर जायला नको. अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनीच्या पाण्यात औषधांना न जुमानणारे जंतू आहेत का, किती आहेत, पावसाळ्यात काय बदलते? या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही गाइडमध्ये नाही. ते त्याच नाल्याकाठी राहणाऱ्या एखाद्या मुलीने शोधले, तर तिला पुन्हा कुणी "डॉक्टरकी हुकली" म्हणणार नाही.

वैद्यकीय महाविद्यालय सरकारी आहे, म्हणजे ते आपल्या पैशाने चालते. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या विज्ञान महाविद्यालयांच्या प्राचार्यांनी एकत्र येऊन अधिष्ठात्यांना एक पत्र तरी लिहावे. आणि पालकांनो, नीटचा निकाल लागला की शोक आवरा. मुलाला कोणता आजार समजून घ्यायचा आहे, हे एकदा विचारून पाहा.