आजी-आजोबांच्या हाती वही द्या

1997 साली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत समाविष्ट झालेले पुनावळे हे पूर्वी शेतीचे गाव होते. हिंजवडीतील संगणक कंपन्या जवळ आल्या आणि तेथे उंच इमारतींची दाटी झाली. नोकरदार मुलांच्या पाठोपाठ त्यांचे आईवडीलही येथे राहावयास आले. कोणी अहिल्यानगरहून, कोणी जालन्याहून, तर कोणी वसईहून. नातवंडांना शाळेच्या बसपर्यंत पोहोचविणे, कुरियरवाल्याला दार उघडणे, औषधांच्या वेळा पाळणे, ह्यातच त्यांचा दिवस सरतो. त्यांच्याकडून आपली एवढीच अपेक्षा आहे काय?

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा आणि कल्याणाचा कायदा 2007 साली संमत झाला. त्यात निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवास व औषधोपचार, असे म्हटले आहे. कल्याणाच्या व्याख्येत करमणूक केंद्रांचाही उल्लेख आहे; शिक्षणाचा मात्र नाही. आपल्या शहरांतूनही ज्येष्ठांसाठी उभारलेल्या वास्तूवर ‘विरंगुळा केंद्र’ अशी पाटी असते. विरंगुळा वाईट नव्हे; परंतु वृद्धांपाशी उरला आहे तो केवळ घालवावयाचा वेळ, अशी समजूत त्या शब्दामागे दडलेली आहे.

ही समजूत ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातील फांगणे गावाने खोटी ठरविली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर ह्यांच्या पुढाकाराने 8 मार्च 2016 रोजी तेथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आजी गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन वर्गात बसू लागल्या. शिकविणारी गावचीच एक सून होती. अंगठ्याच्या जागी सही आली, ही लहान गोष्ट नव्हे. केंद्र शासनाचा 2022 ते 2027 ह्या काळासाठीचा नवभारत साक्षरता कार्यक्रमही 15 वर्षांवरील सर्व निरक्षरांसाठी आहे. त्यास वयाची वरची मर्यादा नाही.

तथापि अक्षरओळख ही पहिली पायरी होय. पुढची पायरी पाहावयाची तर लक्ष्मीबाई टिळकांकडे पाहावे. 1868 साली जन्मलेल्या ह्या बाईंना शालेय शिक्षण लाभले नव्हते. अक्षरे त्या लग्नानंतर शिकल्या. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 साली निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले होते. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. त्यांची ‘स्मृतिचित्रे’ 1934 सालापासून पुस्तकरूपाने प्रसिद्ध होऊ लागली, त्या वेळी त्यांचे वय 66 होते. त्यांनी मोठा सिद्धांत मांडला नाही. घर, स्वयंपाक, रुसवेफुगवे आणि ताटातूट हेच लिहिले, आणि ते मराठीचे लेणे ठरले. त्यांनी लेखणी उचलली नसती तर धर्मांतराने दुभंगलेल्या एका मराठी घराची आतली कहाणी त्यांच्याबरोबरच गेली असती.

पुनावळ्याच्या इमारतींतून अशा किती कहाण्या मुक्याने बसून आहेत! ‘आमचे काय लिहायचे?’ असे हे ज्येष्ठ म्हणतात, कारण त्यांना आजवर कोणी विचारलेले नाही. ‘आठवणी लिहा’ असे सांगून कोणी लिहीत नाही. प्रश्न नेमका हवा. 1972च्या दुष्काळात घरात काय शिजत होते? खडी फोडावयास कोण गेले? गावात पहिला दिवा कधी लागला? उत्तर देताना काय सांगावे, काय वगळावे, कोठून आरंभ करावा, हे माणूस ठरवू लागतो. सर्जनशील लेखनाचा धडा तेथेच सुरू होतो.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक धर्मग्रामात रविवारच्या मिस्सानंतर एक तास ठेवावा, एकच प्रश्न घ्यावा आणि ज्यांचे हात थरथरतात त्यांच्यासाठी तरुणांनी लिहून घ्यावे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या नातवाला त्यानिमित्ताने मराठीही गिरविता येईल.

पोप फ्रान्सिस ह्यांनी 2021 साली जुलैचा चौथा रविवार आजी-आजोबा व वृद्धांसाठी जागतिक दिन म्हणून नेमला. त्या दिवशी आपण त्यांना शाल आणि पुष्पगुच्छ देतो. आम्ही धर्मगुरूही ह्यास अपवाद नाही. सत्कार केला की कर्तव्य झाले, असे आम्हांसही वाटत आले आहे. ह्यापुढे शालीबरोबर एक कोरी वही द्यावी, आणि महिन्याभराने ती वाचावयास आवर्जून मागावी.