पारण्याचा रस आणि कोयत्याचा खाडा



राजा श्रेयांसाने हस्तिनापुरात भगवान ऋषभदेवांना उसाच्या रसाचा आहार दिला, ती तिथी अक्षय्य तृतीया. म्हणून आपण त्या दिवशी रसाने पारणी करवतो. पण तो ऊस तोडणाऱ्या बाईचे काय?

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एक दिवस काम बुडाले की खाडा धरून मुकादम पैसे कापतो. मग ताप असो की पाळीचा त्रास, ती दवाखाना टाळते. त्याचा शेवट शेजारच्या बीडने दाखवला. २०१९ मध्ये सरकारी समितीने ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली निघाली.

आपल्याकडे मात्र लगेच ऐकू येते, “ते बाहेरचे. त्यांच्या गावाने बघावे.” बाहेरचे म्हणजे कोण? आपल्यातल्या कितीतरी घरांचे पूर्वज मारवाड-गुजरातेतून इथे आले. मुखेड-कंधारची माणसे कर्नाटकात ऊस तोडायला जातात, तेव्हा तिथे तीही बाहेरचीच ठरतात.

नियमांनाही ही हद्द दिसते. महात्मा फुले जनआरोग्य योजना महाराष्ट्रातल्या कुटुंबांसाठी आहे. बिदर किंवा निजामाबादहून देगलूर, उदगीरकडे आलेल्या मजुराला ती लागू नाही. पण बाळाचे लसीकरण आणि सरकारी दवाखान्यातले बाळंतपण मोफत आहे, गाव कुठलेही असो. हे त्या पालावरच्या बाईला सांगणार कोण?

चार दानांत आपण औषधदान मोठ्या अभिमानाने मोजतो. आणि करतो काय? मंदिराच्या सभागृहात सकाळी अकराला शिबिर, मागे फलक, पुढे फोटो. ऊसतोडीची बाई पहाटेच फडात गेलेली असते. जिला गरज आहे तिला येताच येणार नाही अशा वेळी ठेवलेले औषध हे दान कसले? आपल्या सोयीचे पुण्य ते!

फलकाचे पैसे वाचवा. ते जिच्या खाड्याला लागतील तिला द्या. संध्याकाळी पालावर जा, आशाताईंना सोबत न्या, बाळांची लसीची कार्डे बघा. दवाखान्यात तिच्याबरोबर रांगेत उभ्या राहा. शिकलेली बाई सोबत असली की खिडकीवरचा माणूस नीट बोलतो, हे आपण सगळ्या जाणतो.

पाणी गाळून पिताना आपण न दिसणाऱ्या जीवांची काळजी घेतो. ही तर रस्त्याकडेच्या पालात रोज दिसते.