सुट्टे आहेत का?

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. आईच्या डोळ्यांच्या तपासणीसाठी एका मोठ्या इस्पितळात गेलो होतो. डोळ्यांत औषध घातले की बुबुळे मोठी होईपर्यंत तासभर नुसते बसून राहावे लागते, हे ज्यांनी भोगले आहे त्यांना ठाऊक असेल. आई ८४ वर्षांची. तिला चहाची तल्लफ आली. तळमजल्यावरच्या उपाहारगृहात गेलो, दोन चहा सांगितले. ४० रुपये झाले. मी १००ची नोट पुढे केली. काउंटरवरच्या मुलीने अगदी सौजन्याने सांगितले, "सर, आम्ही कॅश घेत नाही. स्कॅन करा ना."

माझ्या फोनने सकाळपासूनच मान टाकली होती. नंबर लागायची वाट पाहताना मी त्यावर बातम्या वाचल्या, ही माझीच चूक. मी तिला म्हटले, "अहो, ही रिझर्व्ह बँकेची नोट आहे." तिने हसून मान डोलावली, पण नोट काही घेतली नाही. मागे उभा असलेला तिशीच्या आतला एक मुलगा पुढे आला. "काका, मी करतो," म्हणत त्याने फोन पुढे धरला. टुंग! झाले. आई त्याच्या हातात १००ची नोट कोंबू लागली. "आजी, राहू द्या हो, चहाच तर आहे." ती ऐकेना. शेवटी त्याने पाकीट उघडून दाखवले. आत तीन-चार कार्डे होती, रोख म्हणून एक रुपयाही नव्हता. ६० रुपये परत कुठून देणार? त्याचा नंबर पुकारला गेला आणि तो निघून गेला.

आईने चहा घेतला, पण घरी येईपर्यंत ती गप्प होती. रिक्षातून उतरताना एकच वाक्य बोलली, "पैसे असून परक्याच्या पैशांनी चहा प्यायले मी."

मी बँकेत ३३ वर्षे नोकरी केली, त्यातली अर्धीअधिक कॅश काउंटरवर. नोटा मोजून माझी बोटे गुळगुळीत झाली. त्यामुळे हे वाक्य मला जरा जास्तच लागले असेल. पण तेव्हापासून मी या सुट्ट्या पैशांच्या प्रकरणाकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो आहे.

सुट्ट्यांची ओढाताण आपल्याकडे आजची नाही. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली तेव्हा आई १६ वर्षांची होती. सोळा आण्यांच्या रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे सहा पैसे, पण चार आण्यांचे पंचवीस! मग एक-एक आणा करून चारदा वस्तू घेतली तर चोवीस पैसे आणि एकदम घेतली तर पंचवीस. या एका पैशावरून वाण्याच्या दुकानात काय वादावादी चाले, ते ती अजून रंगवून सांगते.

माझ्या पिढीची आठवण १९९०नंतरच्या वर्षांची. एक रुपयाच्या नोटेची छपाई नोव्हेंबर १९९४मध्ये थांबली, दोनच्या नोटेची फेब्रुवारी १९९५मध्ये आणि पाचच्या नोटेची त्याच वर्षी नोव्हेंबरात. त्यांची जागा नाण्यांनी घ्यायची होती. ती पुरेशी येईनात. मग त्याच जुन्या नोटा हातोहात फिरून चिंध्या होईपर्यंत चालल्या. दोनची नोट प्लास्टिकच्या पाकिटात घालून, पाकिटासकट या हातातून त्या हातात जाई. काउंटरवर तसली गड्डी आली की मोजायची कशी, हाच प्रश्न! बसमध्ये कंडक्टरची आरोळी ठरलेली, "सुट्टे काढा, सुट्टे!" उरलेले पैसे तो तिकिटाच्या मागे लिहून देई आणि आपला थांबा आला की गर्दीतून मान उंच करून त्याला शोधावे लागे. वाणी सुट्ट्यांऐवजी गोळ्या देई. आमच्या मातोश्रींनी एकदा डबीभर गोळ्या साठवल्या आणि काडेपेटीचे पैसे म्हणून त्याच वाण्याच्या काट्यावर ओतल्या. वाणी आधी चिडला, मग हसला. त्या दिवसापासून आमच्या घराला मात्र नाणीच मिळू लागली.

पावली ३० जून २०११ रोजी चलनातून गेली. अधेली कायद्याने अजून चालते, पण ती घेणारा दुकानदार मला दाखवा! दहाच्या नाण्याचेही तेच. त्याचे चौदाही नमुने चालतात, असा खुलासा रिझर्व्ह बँकेला जानेवारी २०१८मध्ये करावा लागला, तरी "हे नको, नोट द्या" म्हणणारे आजही भेटतात.

आणि भाडी ठरवणाऱ्यांनी तर सुट्ट्यांचा विचारच सोडून दिलेला दिसतो. १ फेब्रुवारी २०२५पासून मुंबई परिसरात रिक्षाचे किमान भाडे २६ रुपये झाले, टॅक्सीचे ३१. त्याच वर्षी मे महिन्यात बेस्टच्या वातानुकूलित बसचे किमान तिकीट १२ रुपये झाले. २६, ३१, १२! हे आकडे इंधनाचा दर, देखभालीचा खर्च वगैरे मांडून काटेकोर काढलेले असतील, पण ३० रुपये दिल्यावर ४ रुपये परत करणारा रिक्षावाला आणि ते मागणारा प्रवासी, दोघेही आता दुर्मीळ झाले आहेत. म्हणजे कागदावर भाडे २६, व्यवहारात ३०.

इथे फोन कामाला येतो, हे मान्य करायलाच हवे. २६ म्हणजे २६च. यूपीआय एप्रिल २०१६मध्ये सुरू झाले, नोव्हेंबरात नोटाबंदी आली आणि पुढचे सगळे आपल्या डोळ्यांदेखत घडले. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात देशात यूपीआयचे २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. मी जुना कॅशियर असलो तरी या यंत्रणेपुढे टोपी काढतो. चौघे मित्र जेवायला गेलो आणि बिलाचे चार सारखे हिस्से झाले, कुणाचे कुणाकडे काही राहिले नाही, हे सुख लहान नाही. (पूर्वी ते 'राहिलेले' मैत्री टिकवायचे, असे आमचा एक मित्र म्हणतो. अर्थात देणे नेहमी त्याच्याकडेच राहिलेले असे.)

पण या यंत्रणेची दुसरी बाजू बँकेतल्या माणसाला लवकर दिसते. लहान नोट जगते ती फिरण्यावर. बसच्या कंडक्टरची पिशवी, चहाच्या टपरीचा गल्ला, पेपरवाला, देवळापुढचा फुलवाला अशा ठिकाणांहून दहा-वीसच्या नोटा निघत आणि पुन्हा तिथेच येत. हे व्यवहार फोनने गिळले, तशी लहान नोट फिरायची थांबली. रोख मात्र कमी झालेली नाही. मार्च २०२५अखेर ३६ लाख कोटी रुपयांहून अधिक किमतीच्या नोटा लोकांच्या आणि बँकांच्या हातांत होत्या. नोटाबंदीच्या आधीच्या आकड्याच्या दुप्पट. त्यात किमतीच्या हिशेबाने तब्बल ८६ टक्के वाटा एकट्या ५००च्या नोटेचा. म्हणजे एका टोकाला बंदी नोट, दुसऱ्या टोकाला फोन आणि मधली मोड गायब. ज्याच्याकडे फोन नाही त्याने एटीएममधून ५००ची नोट काढून कोथिंबिरीची जुडी घ्यायची आहे. रिझर्व्ह बँकेला हे दिसले नाही असे नाही. ३१ मार्च २०२६पर्यंत ९० टक्के एटीएममधून १०० किंवा २००च्या नोटा मिळाल्या पाहिजेत, असे तिने एप्रिल २०२५मध्येच बँकांना बजावले. पण शंभराच्या खाली काय?

आमच्या कोपऱ्यावर भाजी घेऊन बसणाऱ्या मावशींकडे पाहिले की या प्रश्नाचे आणखी एक अंग दिसते. त्यांच्या टोपल्यांमध्ये आता चौकटींचे ते कागदी चित्र आणि बोलका डबा आहे. खोटा स्क्रीनशॉट दाखवून लोक पसार होऊ लागले म्हणून डबा आला. त्याचे भाडे महिन्याला सव्वाशे रुपये, असे मावशी सांगतात. डब्यातली बाई खणखणीत मराठीत आकडा पुकारते, तेव्हा मावशींचा चेहरा खुलतो. मी एकदा सहज विचारले, "खाते कोणत्या बँकेत?" त्या म्हणाल्या, "लेकाच्या नावावर हाय ते. मला कुठं फोन येतो वापरायला?"

म्हणजे दिवसभर उन्हात बसून मावशी विकणार, डबा दर विक्रीला आकडा पुकारणार आणि पैसे जाणार लेकाच्या खात्यात. पहाटे घाऊक बाजारात जायला रोकडा लागतो, तो रात्री लेकाकडे मागायचा. लेक भला आहे, देतो. पण मावशींच्या कमरेची चंची पूर्वी संध्याकाळी जड होत असे आणि ती सोडायची की नाही, हे त्या ठरवत. आता ते लेक ठरवतो. आपल्या घरोघरच्या डाळीच्या डब्यांचेही हेच झाले. नवऱ्याला न सांगता बाजूला टाकलेले ते पैसे नोटाबंदीत एकदा उघडे पडले. आता घरखर्चाची दमडी फोनमधून जाते आणि कुठे, केव्हा, किती, याची यादी कुणालाही वाचता येते. यावर आमच्या घरात फारशी चर्चा करायची सोय नाही, कारण सौ.च्या डब्यात काय होते, हे मला २०१६च्या नोव्हेंबरातच कळले आणि तेव्हा मी जे हसलो, ते तिने अजून माफ केलेले नाही.

भाजीच्या हिशेबातही फरक पडला. पूर्वी ३७ रुपये झाले की मावशी म्हणत, "चाळीस करा," आणि वर चार मिरच्या, कढीपत्त्याची काडी टाकत. ते तीन रुपये कुणी कुणाला दिले, हे सांगणे कठीण. घासाघीस आणि माया दोन्ही त्यात असे. आता मी ३७ पाठवतो, डबा ३७ पुकारतो. हिशेब चोख. कढीपत्ता मागावा लागतो आणि मागितला की त्या देतातही, पण मला उगीच ओशाळल्यासारखे होते.

बंगळुरूच्या फेरीवाल्यांनी जुलै २०२५मध्ये ही चित्रे काढून टाकून "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या, ते वाचकांना आठवत असेल. यूपीआयची उलाढाल पाहून कर खात्याने छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या होत्या. ओरड झाली, कर्नाटक सरकारने हात आखडता घेतला. कर बुडवावा, असे मी म्हणणार नाही. पण उलाढाल म्हणजे नफा नव्हे, हे ज्याला समजावून सांगायला हिशेबनीस ठेवणे परवडत नाही, त्याच्या दारात थेट नोटीस गेली तर तो फोन बाजूला ठेवून पुन्हा गल्ला उघडणार, यात नवल काय?

शिवाय ही सेवा फुकट आहे, ती किती दिवस? जानेवारी २०२०पासून दुकानदाराकडून यासाठी शुल्क घेतले जात नाही. खर्च मात्र होतोच. छोट्या व्यवहारांच्या प्रोत्साहनासाठी केंद्राने २०२४-२५ या वर्षाला सुमारे १,५०० कोटी रुपये मंजूर केले. उद्या हे अनुदान आटले आणि तोवर मोडही बाजारातून पार नाहीशी झालेली असली, तर ग्राहकाला निवडीला काय उरणार?

१२ एप्रिल २०२५चा शनिवार मला विसरता येत नाही. यूपीआय दुपारी काही तास अडखळले, तेव्हा मी नाक्यावरच्या हॉटेलात मिसळ खात होतो. सगळीकडे फोन वर-खाली होऊ लागले, गोल चक्र फिरत राहिले. मालकाचा जीव कासावीस. मी खिशातून दहा-वीसच्या नोटा काढल्या (सवय, दुसरे काय) आणि शेजारच्या दोन टेबलांचेही पैसे भरले. त्या पोरांनी संध्याकाळी न चुकता पाठवले. निवृत्तीनंतर इतके महत्त्व मला कुणी दिले नव्हते. दोन तास मी पुन्हा कॅशियर होतो.

माझे मागणे फार नाही. ज्या ठिकाणी माणसाला जावेच लागते आणि दुसरीकडे जाता येत नाही, म्हणजे इस्पितळ, बस, स्टेशन, सरकारी कचेरी, तिथे रोख घेणारी एक तरी खिडकी हवी. एटीएमच्या एका कप्प्यात पन्नास, वीसच्या नोटा हव्यात. आणि बँकांनी ती चित्रे वाटताना टोपलीमागे कोण बसले आहे, हे पाहून तिच्याच नावाचे खाते उघडावे. एक दुपार मोडेल, पण मावशी शिकतील. त्यांना हिशेब येत नाही, असे समजणाऱ्याने त्यांच्याशी एकदा घासाघीस करून पाहावी. कायद्याने नोट नाकारता येते की नाही, याचा कीस वकिलांनी काढावा.

आईच्या डोळ्यांची तपासणी दर तीन महिन्यांनी असते. निघताना ती दहाच्या चार नोटा रुमालाच्या कोपऱ्यात बांधते. त्या निराळ्या, त्यांना हात लावायचा नाही. तिथे पोचलो की डोळ्यांत औषध पडायच्या आत ती बाकांवरची माणसे एकेक करून न्याहाळते. तो मुलगा अजून भेटलेला नाही. गेल्या खेपेला मी म्हटले, "अगं, तो विसरलाही असेल." ती म्हणाली, "असेल. मी नाही विसरले."