जीवशास्त्र कोणाच्या घरचे?

मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतील सुशिक्षित आणि सुस्थितीतील कुटुंबांत गेल्या काही वर्षांत एक विचार मूळ धरू लागला आहे. मुलांना शाळेत घालावयाचे नाही. आईबापांनीच त्यांना घरी शिकवावयाचे. नऊ ते बारा वर्षांच्या मुलांसाठी या घरशाळांतून जीवशास्त्राचा जो अभ्यासक्रम आखला जातो, त्याचे स्वरूप साधारणतः ठरलेले असते. वर्षाचे आठवडे मोजावयाचे. पेशी, वनस्पती, प्राणी, मानवी शरीर आणि परिसंस्था असे विभाग पाडावयाचे. भिंग, सूक्ष्मदर्शक, निरीक्षणवही आणि रंगीत चित्रांची पुस्तके आणावयाची. आणि अधूनमधून मुलांना मोटारीत बसवून निसर्ग दाखविण्यास न्यावयाचे. मुंबई-ठाण्याच्या मुलांच्या बाबतीत हा निसर्ग पुष्कळदा शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत सापडतो. तानसाचे जंगल, माहुलीचा पायथा, माळशेजचा घाट ही त्यांची प्रयोगशाळा.

हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, त्याच्याशी चळवळीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की, ज्या भूमीवर ही मुले रविवारी जीवशास्त्र शिकून जातात, त्या भूमीवर बारा महिने राहणाऱ्या मुलांना तेच शास्त्र शिकविण्याची जबाबदारी कोणावर आहे, हा प्रश्न त्यातून उपस्थित होतो. आणि या प्रश्नाचे उत्तर देण्यास आज कोणीही तयार नाही.

घरशाळेच्या पुरस्कर्त्यांची तक्रार खोटी नाही, हे प्रथमच मान्य केले पाहिजे. शाळांतून विज्ञान पाठ करविले जाते. जास्वंदाचे फूल न उकलता त्याच्या भागांची नावे लिहून घेतली जातात. बेडकाचे जीवनचक्र फळ्यावर पूर्ण होते आणि शाळेमागच्या डबक्यातील बेडूकमासे तसेच राहतात. मुलाने 'का' म्हणून विचारावे असे शिक्षकास वाटत नाही, कारण परीक्षेत 'का' विचारले जात नाही. ही स्थिती कोणाही विचारी पालकास असह्य वाटल्यास नवल नाही. प्रश्न रोगाविषयी नसून उपायाविषयी आहे. सार्वजनिक विहिरीचे पाणी गढूळ झाले, तर विहीर उपसण्यासाठी गाव गोळा करावयाचे की आपल्या अंगणात कूपनलिका खणून दार लावून घ्यावयाचे? घरशाळेने दुसरा मार्ग पत्करला आहे.

तो मार्ग कोणास परवडतो? घरशाळेसाठी दिवसाउजेडी घरात असणारे सुशिक्षित माणूस लागते, पुस्तकांना पैसा लागतो, टेबल मांडावयास जागा लागते. ज्या घरी एकाच्या मिळकतीवर कुटुंब चालते आणि दुसऱ्याचा दिवस मुलाच्या अभ्यासास मोकळा राहतो, तेथेच हे शक्य आहे. कायद्याने घरशाळेस स्पष्ट मान्यताही दिलेली नाही आणि तिच्यावर स्पष्ट बंदीही घातलेली नाही. परंतु समाजरचनेने ती बहुसंख्यांना केव्हाच बंद केलेली आहे.

आटगाव हे कसारा मार्गावरील स्थानक. तानसा तलावाकडे जाणारा एक रस्ता येथून निघतो. आसपासच्या पाड्यांवर कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी यांची वस्ती आहे. यांपैकी कातकरी ही जमात तर शासनानेच विशेष असुरक्षित म्हणून नोंदविलेली. यांतील कित्येक कुटुंबे दिवाळी आटोपली की भिवंडी-कल्याणकडील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडाशी परततात. मुले त्यांच्याबरोबर जातात. त्यांच्या बाबतीत 'घरी शिक्षण' या शब्दांचा अर्थ शिक्षण नाही, एवढाच होतो.

आणि तरीही या घरांत जीवशास्त्राचा अभाव आहे, असे म्हणणे हे अज्ञान ठरेल. पहिल्या पावसाच्या आगेमागे शेवळे वर येतात. ती नुसती शिजवून खाल्ली तर घसा खाजतो, म्हणून त्यांत काकडाची आंबट फळे घालावयाची, हे पाड्यावरील दहा वर्षांच्या मुलीस ठाऊक असते. वलगणीचे मासे ओढ्यातून वर कधी चढतात, खेकड्याच्या मादीच्या पोटाखाली पिले केव्हा असतात, मोहाची फुले कोणत्या प्रहरी वेचावयाची, राब भाजल्यावर रोपे जोमदार का येतात, हे तिने पाहिलेले असते. शहरातील बाप ज्या निरीक्षणशक्तीसाठी वर्षभर धडपडतो, ती या मुलीस पोटाच्या गरजेने लाभलेली आहे. परंतु ती शाळेच्या उंबरठ्याशी आली की हे सारे ज्ञान बाहेर ठेवून आत येते. आत तिला 'मागास' म्हणतात.

येथे एका दुसऱ्या भ्रमाचाही समाचार घेणे अवश्य आहे. आदिवासी मूल निसर्गाचेच लेकरू, त्यास शाळा कशाला हवी, असा एक गोड सूर सुखवस्तू निसर्गप्रेमींच्या तोंडी ऐकू येतो. हा सूर गोड असला तरी घातक आहे. शेवळे खाजतात हे मुलीस ठाऊक आहे. त्यांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, हे तिला कोणी भिंगाखाली दाखविलेले नाही. मण्यार ओळखता येते. परंतु तिचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसास होतो, त्याच्या वेदना जाणवतही नाहीत, आणि पहाटे पोटात दुखू लागले व पापण्या जड झाल्या तर तो विषाचा मज्जातंतूंवरील परिणाम असू शकतो, हे तिला सांगितलेले नाही. घोणस आणि फुरशाच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी लस घोड्याच्या रक्तापासून तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेत तिचे उत्पादन दीर्घकाळ होत आले आहे. हे ज्याला समजले तो भगताकडे रात्र घालविणार नाही, रुग्णालयाची वाट धरील. शहरी मुलासाठी जीवशास्त्र हा छंद असेल. आटगावच्या मुलासाठी तो जीवनमरणाचा विषय आहे. घरचे ज्ञान आणि शास्त्राचे ज्ञान यांची गाठ कोणी तरी घालून दिली पाहिजे, आणि ते काम शाळेचेच आहे.

शाळेस हे जमत नाही, असा निष्कर्ष काढण्यास इतिहासात आधार नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले. त्यात बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करण्याच्या मागणीबरोबर शेती आणि आरोग्य यांचे प्राथमिक ज्ञान खेड्यातील शाळेत द्यावे, असेही सुचविले होते. याच जिल्ह्याचा तेव्हा भाग असलेल्या आणि २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेलेल्या कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी निराळा मार्ग दाखविला. मूल गुरे राखावयास जाते म्हणून शाळेत येत नाही ना, मग शाळाच कुरणात नेऊ, असे म्हणून त्यांनी कुरणशाळा चालविली. दगड, पाने, बिया, शिंपले हीच तेथील साधने. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातील सोळा शाळांतून प्रयोगाधिष्ठित विज्ञानशिक्षण सुरू झाले आणि १९७८ मध्ये ते जिल्ह्यातील सर्व उच्च प्राथमिक शाळांत पोचले. मुले शेतात जाऊन निरीक्षण करीत, स्वतःच्या नोंदींवरून निष्कर्ष काढीत, आणि परीक्षेस पुस्तक उघडून बसत. सामान्य शासकीय शाळांतील सामान्य शिक्षकांनी हे तीस वर्षे केले. २००२ साली सरकारने तो कार्यक्रम बंद केला. आपल्याच होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात डॉ. जयश्री रामदास यांनी तिसरी ते पाचवीच्या वर्गांसाठी 'स्मॉल सायन्स' ही कृतिप्रधान पुस्तकमाला सिद्ध केली, आणि ती मराठीतही उपलब्ध झाली. म्हणजे वाण ज्ञानाची नाही, अनुभवाचीही नाही. वाण आहे ती इच्छाशक्तीची.

राज्यकर्त्यांची इच्छा कोणत्या दिशेने आहे, हे त्यांच्या निर्णयांवरून दिसते. २०१७ साली महाराष्ट्रात मुक्त विद्यालय मंडळ स्थापन झाले आणि पाचवी व आठवीच्या पातळीवरील परीक्षा शाळेबाहेर राहून देण्याची वाट खुली झाली. घरशाळेच्या मुलास ही सोय. भट्टीवरील मुलास मात्र ही शाळेतून बाहेर काढणारी पळवाट ठरू शकते. कारण मूल शाळेत नाही, या वस्तुस्थितीस त्यामुळे कायदेशीर पांघरूण मिळते. त्याच वर्षी अल्प पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करण्याचा निर्णय झाला. २०२३ साली वीसपेक्षा कमी पट असलेल्या सुमारे पंधरा हजार शाळांच्या जागी 'समूह शाळा' उभारण्याची योजना पुढे आली. डोंगरातील पाड्याची शाळा ही बहुधा वीसच्या आतलीच असते. ती बंद झाल्यास सहा वर्षांच्या मुलाने ओढा ओलांडून दूरच्या शाळेत जावे, अशी अपेक्षा आहे. दुसरा पर्याय आश्रमशाळेचा. घरशाळा ही शाळेला घरात आणते; आश्रमशाळा मुलाचे घरच काढून घेते. एका टोकास घर पुरेसे आहे म्हणून शाळा नको. दुसऱ्या टोकास घर निरुपयोगी आहे म्हणून वसतिगृह. या दोहोंच्या मध्ये, घरापासून हाकेच्या अंतरावर असलेली चांगली सार्वजनिक शाळा ही साधी गोष्ट मात्र कोणास सुचत नाही.

'पालकांच्या स्वातंत्र्याचे काय?' असा आक्षेप येईल. घरशाळेवर बंदी घालावी, अशी मागणी येथे केलेली नाही. परंतु स्वातंत्र्याची किंमत कोण मोजतो, हे पाहिले पाहिजे. ज्यांचा आवाज कचेरीत ऐकला जातो, त्यांनी आधी नगरपालिकेच्या शाळा सोडल्या आणि खाजगी शाळा धरल्या. आता त्यांतील काहीजण खाजगी शाळाही सोडीत आहेत. प्रत्येक पावलाबरोबर सार्वजनिक शाळेच्या बाजूने भांडणारा एक समर्थ माणूस कमी झाला. मागे राहिले ते ज्यांचा अर्ज मेजावरच पडून राहतो असे लोक. एका मुलाच्या उत्तम अभ्यासक्रमासाठी खर्च होणारी बुद्धी चाळीस मुलांच्या शाळेस मिळाली असती, तर त्या मुलाचेही काही बिघडले नसते.

म्हणून शहापूर-मुरबाडच्या मुलांसाठी जीवशास्त्राचा अभ्यासक्रम आखावयाचा तो सार्वजनिक शाळेतच आखला पाहिजे, आणि त्याचे पंचांग या मातीचे असले पाहिजे. जून ते ऑक्टोबर मुले गावात असतात, तेव्हा बाहेरचे काम उरकावे: राबातील रोपे, रानभाज्या, वलगणीचे मासे, सागाच्या पानांची जाळी करणारी अळी, भातावरील खोडकिडा, आणि साप. दिवाळीनंतर भट्टीवर भरणाऱ्या वर्गांतून शरीराचा भाग शिकवावा: श्वास, फुफ्फुस, धूळ, अन्न, ताप, पाणी. उन्हाळ्यात परिसंस्था. क्रमिक पुस्तकातील जलचक्र पावसापाशी पूर्ण होते. शहापुरात ते मुंबईच्या नळापाशी पूर्ण होते. १८९२ साली बांधून झालेल्या तानसापासून भातसापर्यंत या तालुक्यातील धरणे महानगरास पाणी पाजतात आणि काठावरील पाडे मे महिन्यात टँकरची वाट पाहतात. हा धडा वगळून परिसराचा अभ्यास होऊच शकत नाही. शंभराहून अधिक वर्षे नष्ट मानला गेलेला रानपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि २०१४ मध्ये तानसाच्या जंगलातही त्याची नोंद झाली. ज्या जंगलात विद्वानांना अजून शिकण्यासारखे आहे, त्याच्या कडेच्या मुलांना चित्रातील निसर्ग दाखवावा, यासारखा करंटेपणा दुसरा नाही.

यासाठी लागणारे साहित्य फार नाही. प्रत्येक मुलास एक भिंग आणि एक वही, केंद्रशाळेस एक सूक्ष्मदर्शक, रानभाज्या व बियाणी जाणणाऱ्या पाड्यावरील स्त्रियांना शिकविण्याबद्दल रीतसर मानधन, स्थानिक नावांना पुस्तकी नावांच्या बरोबरीचे स्थान, आणि पाठांतराऐवजी निरीक्षणवहीवर गुण. सर्वांत आधी, शिक्षकांच्या रिक्त जागा भरणे आणि पाड्यावरील एकही शाळा पटाच्या सबबीवर बंद होऊ न देणे.

या मागण्या हवेत राहू नयेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शासकीय शाळेस व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तयार करण्याचा अधिकार तिला आहे. हा अधिकार बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकाच्या कपाटात कागदावर पडून आहे. आटगावपासून मुरबाडपर्यंत ज्या ज्या गावी कार्यकर्ता आहे, तेथे त्याने या समितीची पुढील बैठक मागून घ्यावी, भट्टीवर जाणाऱ्या मुलांची यादी तीपुढे ठेवावी आणि आराखड्यात वरील बाबी लिहवून घ्याव्यात. ग्रामसभेने त्यावर ठराव करावा. पंचायत समितीने तो नाकारला तर कारण लेखी मागावे, आणि ते कारण गावात जाहीर वाचून दाखवावे. ज्यांना घर पुरेसे आहे त्यांनी घरी शिकवावे. ज्यांना शाळेवाचून दुसरा आधार नाही, त्यांच्या शाळेसाठी भांडणे हे चळवळीचे काम आहे, आणि ते या पावसाळ्याच्या आत सुरू झाले पाहिजे.